शंभर व्होल्टचा सिंथ, दोनशे तीस व्होल्टचं घर

न्यू जर्सीहून सुट्टीला येणारा मावसभाऊ बॅगेतून ड्रम मशीन आणतो, किंवा बँडमधला कुणी जपानमधून जुना रोलँड सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, मागवतो. खोकं उघडलं की सगळ्यांचं लक्ष आधी पिनेकडे जातं. दोन चपट्या पट्ट्या, आपल्या गोल भोकांत न बसणाऱ्या. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत त्यावरचा इलाज किरकोळ पैशांत मिळतो आणि यंत्र जळतं ते या इलाजानंतर. कन्व्हर्जन पिन फक्त पिनेचा आकार बदलते. भिंतीतले २३० व्होल्ट तिच्यातून जसेच्या तसे पलीकडे जातात.

हल्ली तर ती पिनही लागत नाही. बाजारातल्या बऱ्याच ‘युनिव्हर्सल’ स्पाइक गार्डमध्ये चपट्या पट्ट्यांची पिन सरळ बसते, म्हणजे चूक होऊ नये म्हणून जो एकच अडथळा होता तोही गेला. तेव्हा खाली सांगितलेली तपासणी होईपर्यंत यंत्राची पिन कशातही खुपसू नका, आणि घरातल्या उत्साही मंडळींनाही सांगून ठेवा.

## आधी आकडे

आपल्याकडे घरात येते ती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट, पण टोकियोच्या बाजूला ५० हर्ट्झ आणि ओसाकाच्या बाजूला ६०. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मन जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकी, आणि ती फाळणी आजही कायम आहे. जपान्यांना तिचा ताप होत असेल, आपला मात्र फायदाच झाला. देशातल्या देशात विकायचं तरी यंत्र दोन्ही फ्रिक्वेन्सींवर चालावं लागतं, त्यामुळे जपानी वाद्यांना आपले ५० हर्ट्झ सहसा बाधत नाहीत. अमेरिकी यंत्रांचं तसं नाही, त्याबद्दल पुढे बोलू.

१०० व्होल्टच्या यंत्राला २३० दिले की आतल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा सॅच्युरेट होतो, म्हणजे त्याला आणखी चुंबकत्व पेलत नाही, प्रायमरीतला (भिंतीकडून वीज येते त्या वाइंडिंगमधला, म्हणजे तारेच्या वेढ्यांतला) करंट एकदम वाढतो आणि फ्यूज उडतो. तेवढ्यावर भागलं तर नशीब. फ्यूज वेळेत उडाला नाही, तर वाइंडिंगच्या आत गुंडाळलेला थर्मल फ्यूज जातो, किंवा पुढच्या सर्किटला दुप्पट व्होल्टेज मिळून कॅपॅसिटर फुगतात आणि रेग्युलेटर (आतलं व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग) भाजून निघतात. जुन्या सिंथमधल्या कित्येक चिप आता बनत नाहीत. तिथवर धग पोचली तर दुरुस्ती नव्या यंत्रापेक्षा महाग पडते.

## मागची पट्टी वाचा

यंत्राच्या मागे किंवा तळाशी, आणि अ‍ॅडॅप्टर असेल तर त्याच्या अंगावर, एक छोटी पट्टी असते. मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून वाचा. जपानी पट्टीवरची बाकी अक्षरं कळली नाहीत तरी आकडे कळतात.

‘इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं लिहिलं असेल तर आत एसएमपीएस, म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लाय, आहे. तो आपली वीज बिनतक्रार घेतो. फक्त पिन बदला, किंवा मागे कॉम्प्युटरच्या वायरीचं सॉकेट असेल तर आपली तीन पिनांची चांगली वायर लावा. ट्रान्सफॉर्मर लागत नाही. लेख इथेच सोडून वाजवायला बसलात तरी चालेल. आजकालचे बरेचसे कीबोर्ड, ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉपचे चार्जर याच गटातले.

पट्टीवर एकच आकडा असेल, म्हणजे नुसतं ‘१०० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ, २५ वॉट’ किंवा ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’, तर यंत्राच्या आत त्याच व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर आहे. यामाहा डीएक्स ७ किंवा रोलँड ज्यूनो १०६ यांसारख्या १९८०च्या दशकातल्या जपानी सिंथचं असंच आहे. तेच मॉडेल युरोपसाठी वेगळ्या व्होल्टेजचं निघत असे, म्हणून ‘माझ्या मित्राचा तर सरळ चालतो’ या वाक्यावर विसंबू नका. मित्राचा जर्मनीहून आलेला असेल.

तिसरा प्रकार म्हणजे मागे व्होल्टेज बदलायचा स्विच. बहुधा लाल, खोबणीत बसवलेला, एका बाजूला ११५ आणि दुसऱ्या बाजूला २३०. काही पॉवर्ड स्पीकरना आणि जुन्या अमेरिकी यंत्रांना हा असतो. वायर काढलेली असताना स्क्रू ड्रायव्हरने तो २३०कडे सरकवा आणि फ्यूजसुद्धा बदला. व्होल्टेज दुप्पट झालं की करंट निम्मा होतो, म्हणून ११५ला ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज असेल तर २३०ला २५० मिलिअँपिअरचा घालायचा. फ्यूजच्या टोपीवर आकड्याआधी ‘टी’ असेल तर तो सावकाश उडणारा, ‘एफ’ असेल तर झटकन उडणारा. एकाच्या जागी दुसरा घालू नका.

आणि चौथा प्रकार, ज्यात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

## यंत्र अ‍ॅडॅप्टरवर चालत असेल तर

ऑर्केस्ट्रातला ऑक्टोपॅड, गिटारचे पेडल, छोटे सिंथ, ही सगळी मुळात ९ किंवा १२ व्होल्टवर चालतात. परदेशी असतो तो फक्त खोक्यातला अ‍ॅडॅप्टर. तो अमेरिकी आणि जड असेल, म्हणजे आत ट्रान्सफॉर्मर असलेला, तर कपाटात ठेवून द्या आणि इथे २३० व्होल्टवर चालणारा घ्या. एवढ्यासाठी व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर विकत घेणारे लोक मी पाहिलेत आणि दुकानदारही त्यांना अडवत नाहीत. बॉस कंपनीच्या अ‍ॅडॅप्टरच्या नावातच खूण असते: पीएसए १०० जपानसाठी, पीएसए १२० अमेरिकेसाठी, पीएसए २३० युरोपसाठी. यंत्राच्या बाजूला तिघेही तेच ९ व्होल्ट देतात.

नवा अ‍ॅडॅप्टर घेताना चार गोष्टी जुळायला हव्यात. व्होल्ट तंतोतंत तेवढेच. अँपिअर तेवढे किंवा जास्त. जास्त चालतात, कारण यंत्र लागतो तेवढाच करंट ओढतं. जॅकचं माप, कारण बाहेरून साडेपाच मिलिमीटरचे दिसणारे जॅक आतून २.१चेही असतात आणि २.५चेही, आणि मोठ्या भोकाचा जॅक बारीक पिनेवर सैल बसून वाजवता वाजवता यंत्र बंद पाडतो. चौथी गोष्ट पोलॅरिटी, आणि घोटाळे इथेच होतात.

पट्टीवर मध्ये ठिपका, भोवती अर्धगोल आणि दोन्हींना जोडलेली अधिक-वजा चिन्हं असं एक छोटं चित्र असतं. ठिपक्याला वजा जोडलेलं असेल तर जॅकच्या आतली बाजू वजा. बॉसचे पेडल आत वजा. जुने कॅसिओ ९ व्होल्टचे आत वजा, पण साडेनऊ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लागणारे नंतरचे कॅसिओ आत अधिक. कॉर्गचे व्होल्का ९ व्होल्टचेच, पण आत अधिक. आणि तपकीर गल्लीत ढिगाने मिळणारे राउटरचे, सीसीटीव्हीचे अ‍ॅडॅप्टर आत अधिक. म्हणजे ‘९ व्होल्टचा द्या’ एवढं सांगून आणलेला अ‍ॅडॅप्टर बॉसच्या पेडलला उलटा पडण्याचीच शक्यता जास्त. काही यंत्रांत उलट्या जोडणीपासून वाचवणारा डायोड असतो, काहींत नसतो. तो आहे की नाही हे आपल्या यंत्रावर करून बघायची गरज नाही, मल्टिमीटरने अ‍ॅडॅप्टर मोजा. लाल टोक जॅकच्या आत, काळं बाहेर धरलं आणि आकड्याआधी वजा चिन्ह आलं, तर तो आत वजा.

काही यंत्रांना अ‍ॅडॅप्टरमधून एसीच लागतो. डिजिटेकचा चौथ्या पिढीचा व्हॅमी पेडल ९ व्होल्ट एसीवर चालतो, लाइन सिक्सचा जुना पॉडही. आउटपुटच्या आकड्यापुढे सरळ रेषेऐवजी नागमोडी रेघ दिसली की समजायचं. आतलं सर्किट त्या एसीतून अधिक आणि वजा असे दोन्ही पुरवठे तयार करतं, त्यामुळे त्याला डीसी दिला तर ते अर्धवट चालतं किंवा चालतच नाही. असा अ‍ॅडॅप्टर दुकानात तयार मिळाला नाही तर २३० ते ९ व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर डबीत बसवून घ्यायचा. सेकंडरीला, म्हणजे ९ व्होल्टच्या बाजूला, फ्यूज मात्र हवाच.

## ट्रान्सफॉर्मर घेताना

यंत्रातच १०० किंवा १२०चा ट्रान्सफॉर्मर असेल तर बाहेर स्टेपडाउन लागतो. आधी एका गोष्टीवर फुली मारू. प्रवासासाठी मिळणारे हातात मावणारे, वजनाला हलके आणि तरीही ‘१६०० वॉट’ लिहिलेले कन्व्हर्टर हे ट्रान्सफॉर्मर नसतात. ते विजेच्या लहरीचे तुकडे करून सरासरी खाली आणतात. केस वाळवायच्या यंत्राला किंवा इस्त्रीला ते चालतं. सिंथला ते घातक आहे, एकदासुद्धा लावायचं नाही. खरा ट्रान्सफॉर्मर उचलला की हाताला कळतो.

यात दोन जाती. ऑटो ट्रान्सफॉर्मरमध्ये एकच वाइंडिंग असतं आणि त्याच्या मधून १०० व्होल्ट काढलेले असतात. तांबं कमी लागतं, म्हणून तो स्वस्त आणि हलका. आयसोलेशनमध्ये प्रायमरी आणि सेकंडरी वेगळ्या असतात, दोन्हींत तारेचा संबंध नसतो. माझा सल्ला साफ आहे: वाद्यासाठी आयसोलेशनच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी.

त्याची कारणं दोन. ऑटोमध्ये दोन्ही बाजूंना सामाईक असलेला वाइंडिंगचा भाग तुटला, तर उरलेल्या भागातून भिंतीतलं पूर्ण व्होल्टेज थेट वाद्यावर येतं. दुसरं, फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर ऑटोच्या आउटपुटची जी तार आपण न्यूट्रल समजतो ती जमिनीच्या मानाने २३० व्होल्टवर असते आणि दुसरी १३०वर. दोन तारांमध्ये मोजलं तर नेमके १०० भरतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. आपल्या सॉकेटमध्ये अर्थचं मोठं भोक वर धरलं तर फेज उजवीकडे हवा. किती घरांत तो खरंच उजवीकडे आहे, हे टेस्टर घेऊन बघाच एकदा.

दुकानात मिळालेला ट्रान्सफॉर्मर कुठल्या जातीचा ते ओळखणं सोपं आहे. सगळं सॉकेटमधून काढून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक टोक इनपुटच्या पिनेला, दुसरं आउटपुटला. बीप वाजला तर ऑटो. आयसोलेशन गप्प राहतो.

आता व्होल्टेज. ‘साहेब, ११०चा तयार आहे, सगळे तोच नेतात,’ हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. ट्रान्सफॉर्मर काही व्होल्टेज स्थिर करत नाही, तो फक्त भागाकार करतो. पुरवठ्यात २३०च्या खाली-वर दहा टक्के, म्हणजे २०७ ते २५३, इतका फरक धरूनच चालावं. मे महिन्यात सगळ्यांचे एसी सुरू असताना आणि पहाटे तीनला एकच आकडा दिसणार नाही. समजा तुमच्याकडे रात्री २५० येतात. ११०च्या ट्रान्सफॉर्मरमधून मग जवळपास १२० बाहेर पडतात. जपानमध्ये घरच्या पुरवठ्याची मर्यादा १०१च्या खाली-वर सहा, म्हणजे फार तर १०७. तिथल्या यंत्राला रोज १२० खाऊ घातले तर ते एका दिवसात मरणार नाही, पण आतले रेग्युलेटर जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून टाकत राहतात आणि शेजारचे कॅपॅसिटर सुकत जातात. तेव्हा जपानी यंत्राला १००चाच घ्यायचा. ११०चा अमेरिकी यंत्रासाठी ठेवा.

क्षमता मोजायची ती व्हीएमध्ये. पट्टीवर वॉट असतील तर तेच धरा, अँपिअर असतील तर व्होल्टने गुणा: १०० व्होल्ट आणि ०.५ अँपिअर म्हणजे ५० व्हीए. एकाच ट्रान्सफॉर्मरवर जी जी यंत्रं लावायची त्यांची बेरीज करा आणि दीडपट ते दुप्पट घ्या. दोन सिंथ आणि एक ड्रम मशीन मिळून ८० भरले तर १५० किंवा २०० व्हीए. फार मोठा घेण्यात मात्र शहाणपण नाही. हजार व्हीएचा टोरॉइडल (गोल कड्यासारख्या गाभ्याचा) ट्रान्सफॉर्मर चालू करताना क्षणभर एवढा करंट ओढतो की घरचा एमसीबी पडू शकतो. व्हॉल्व्हचा अमेरिकी गिटार अ‍ॅम्प असेल तर त्याचा हिशेब वेगळा करा, तो एकटाच दोन-तीन सिंथचा वाटा खातो.

तयार मिळत नसेल तर गुंडाळून घ्या. पेठांत आणि भोसरीच्या एमआयडीसीकडे ट्रान्सफॉर्मर वाइंड करून देणारे आहेत. वाइंडरला कागदावर लिहून द्यायचं ते असं: आयसोलेशन, प्रायमरीला २२०, २३० आणि २४० असे तीन टॅप, सेकंडरी १०० व्होल्ट पूर्ण लोडवर, २०० व्हीए, ५० हर्ट्झ, तार तांब्याची. तांब्याचं वेगळं सांगायला लागतं, कारण स्वस्तात बसवायचं तर ॲल्युमिनियम वापरलं जातं. दोन वाइंडिंगच्या मध्ये तांब्याच्या पट्टीची शिल्ड घालून तिचं टोक अर्थला द्यायला सांगा, लाइनवरचा खरखराट बराच अडतो. प्रायमरीला सावकाश उडणारा सव्वा ते दीड अँपिअरचा फ्यूज, सेकंडरीला २ अँपिअरचा. पेटी लोखंडी, झरोके असलेली. आणि आउटपुटला आपल्याकडचं सॉकेट अजिबात लावू देऊ नका, चपट्या पिनेचंच लावा. आपलं सॉकेट दिसलं की कुणीतरी त्यात मोबाइलचा चार्जर किंवा टेबल फॅन खुपसणारच.

‘पूर्ण लोडवर’ हे शब्द विसरू नका. छोट्या ट्रान्सफॉर्मरवर लोड नसताना व्होल्टेज पाच-दहा टक्के चढं दिसतं. घरी आणून मोजल्यावर १०६ दिसले म्हणून लगेच वाइंडरशी भांडायला जाऊ नका. ११५ दिसले तर जा.

व्हेरिअ‍ॅक, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमधला डिमरस्टॅट, कायमचा वापरू नये. तोही ऑटोच असतो, आणि त्याला व्होल्टेज कमी-जास्त करणारी मूठ असते. मूठ दिसली की कुणीतरी ती फिरवतोच.

## हर्ट्झचं काय

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. ६० हर्ट्झसाठीच बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरला ५० हर्ट्झ दिले की तेवढ्याच व्होल्टेजला गाभ्यावर वीस टक्के जास्त चुंबकीय ताण येतो, तो घुमतो आणि तापतो. हा ताण व्होल्ट भागिले हर्ट्झ यावर ठरतो. १२० भागिले ६० म्हणजे २. आपल्या ५०वर तोच २ हवा तर १०० व्होल्ट द्यावे लागतील, ११० दिले तर २.२, आणि १२० दिले तर २.४. म्हणून ज्या अमेरिकी यंत्रावर फक्त ‘६० हर्ट्झ’ लिहिलंय त्याला मी १२०चा नाही, ११०चाच ट्रान्सफॉर्मर देतो. व्होल्टेज थोडं कमी मिळालं तरी आतल्या रेग्युलेटरला बहुधा पुरतं, आणि गाभ्याला आराम मिळतो. तासभर चालू ठेवून ट्रान्सफॉर्मरच्या जागेवर बाहेरून हात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर थांबा.

सुराची काळजी बहुतेकांना उगाच वाटते. डिजिटल सिंथचा सूर आतल्या क्रिस्टलवर ठरतो, अ‍ॅनालॉगचा आतल्या सर्किटवर, भिंतीतल्या हर्ट्झवर नाही. अपवाद सिंक्रोनस मोटारवर फिरणाऱ्या वाद्यांचा, आणि त्यातलं नामांकित म्हणजे जुना हॅमंड ऑर्गन. त्याची टोनव्हील, म्हणजे सूर काढणारी चाकं, विजेच्या तालावर फिरतात. ६०चा हॅमंड ५०वर लावला की वेग पाच षष्ठांश होतो आणि सूर तीन अर्धस्वरांहून किंचित जास्त उतरतो: पांढरी चार दाबावी आणि पांढरी दोन ऐकू यावी, तीही जरा उतरलेली. त्याला फ्रिक्वेन्सी बदलणारं वेगळं यंत्र लागतं.

## अर्थ, झिणझिण्या आणि हम

जपानी यंत्राच्या पिनेतून कधी कधी एक हिरवी बारीक तार लोंबत असते. ती अर्थची. जपानी सॉकेटशेजारी तिच्यासाठी स्क्रू असतो, आपल्याकडे नसतो. ती ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवरच्या अर्थच्या स्क्रूला जोडा, आणि पेटी भिंतीच्या अर्थला. ती मोकळी लोंबू देऊ नका, सॉकेटच्या भोकाकडे तर नेऊच नका. अमेरिकी यंत्र तीन पिनांचं असेल तर त्याचा अर्थ ट्रान्सफॉर्मरमधून सलग भिंतीपर्यंत गेलाच पाहिजे. आयसोलेशन आहे म्हणून अर्थ सोडून द्यायचा नाही. घरात ईएलसीबी (वीजगळती झाली की लाइन तोडणारा स्विच) आहे यावरही निर्धास्त राहू नका: आयसोलेशनच्या सेकंडरीत झालेली गळती त्याला दिसतच नाही.

दोन पिनांच्या यंत्राच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, त्या बहुधा फिल्टरच्या कॅपॅसिटरमधून येणाऱ्या सूक्ष्म करंटच्या. पत्रा अर्थला जोडला की जातात. अर्थ जोडूनही येत असतील तर भिंतीचा अर्थच खोटा आहे. जुन्या वाड्यांत आणि घाईत केलेल्या भाड्याच्या खोल्यांत तिसऱ्या भोकात तारच नसणं नवलाचं नाही. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० आणि फेज आणि अर्थमध्ये साधारण तेवढेच यायला हवेत. नसतील तर आधी वायरमनला बोलवा.

हम, म्हणजे स्पीकरमधून सतत घुमणारा आवाज, येत असेल तर लॅपटॉप, मिक्सर आणि ट्रान्सफॉर्मर एकाच बोर्डावर आणा. तरी गेला नाही तर ऑडिओच्या वाटेवर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायची डबी) लावा. अर्थची पिन मोडून हम घालवणारे महाभाग स्टेजवर भेटतात, त्यांच्या माइकला ओठ लावू नका. ट्रान्सफॉर्मर गिटारच्या पिकअपपासून आणि मिक्सरपासून हातभर तरी लांब ठेवा.

## पहिल्यांदा चालू करताना

नवा ट्रान्सफॉर्मर आधी रिकामा चालवून आउटपुट मोजा. मग यंत्र जोडण्यापूर्वी वायरमनकडचा सिरीज बल्ब मागून आणा. शंभर वॉटचा जुना तारेचा बल्ब हवा, एलईडी नाही. तो २३०च्या बाजूला, ट्रान्सफॉर्मरच्या आधी एकसरीत जोडायचा. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंद होतो. तसाच झगझगीत पेटत राहिला तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, बंद करा. यंत्र वाचलेलं असतं, कारण जास्तीचा करंट बल्बने खाल्लेला असतो. वर्षानुवर्षं कुणाच्या माळ्यावर पडून असलेल्या किंवा जुन्या बाजारात मिळालेल्या यंत्रासाठी हे सोडून चालणारच नाही, त्यांच्यातले कॅपॅसिटर झोपलेले असतात. ही जोडणी उघडी आणि जिवंत असते, सवय नसेल तर करून घ्या, स्वतः करू नका.

अमेरिकेहून यंत्रासोबत तिथला पॉवर स्ट्रिपही आला असेल तर तो २३०ला लावू नका. त्यातले सर्जरोधक (व्होल्टेजचा अचानक आलेला झटका शोषणारे भाग) १२० व्होल्टच्या हिशेबाने निवडलेले असतात, २३० मिळताच ते फुटतात, कधी कधी पेटतात. ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटला मात्र तोच स्ट्रिप छान चालतो.

## घराबाहेर

फिरोदिया करंडकाच्या (पुण्यातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या) तालमीत किंवा नाट्यगृहात जमिनीवर, विंगेत दिसणारं मोकळं सॉकेट लाइटच्या डिमरवर असू शकतं. लाइटवाल्याने फेडर खाली-वर केला की तुमच्या ट्रान्सफॉर्मरला कापलेली, वाकडी लहर मिळते. साउंडवाल्याला विचारून त्याच्याच लाइनवर या.

गणपतीच्या मांडवात आणि जनरेटरवर भीती वेगळी. तिथे थ्री फेज असतो आणि न्यूट्रल सैल झाला तर एखाद्या फेजवर व्होल्टेज ४००च्या दिशेने जातं. तुमचा ट्रान्सफॉर्मर इमानदारीत त्याचेही भाग करतो: ४००चे १७४. व्होल्टेज वाढलं की लाइन तोडणारा प्रोटेक्टर ट्रान्सफॉर्मरच्या आधी लावलेला असावा. स्टॅबिलायझर वापरणार असाल तर तोही आधीच, मागून नाही. घरच्या इन्व्हर्टरवर वाजवायचं असेल तर तो साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, आणि ती गुरगुर रेकॉर्डिंगमध्ये उतरते.

१०० व्होल्टच्या प्रत्येक वायरीच्या पिनेवर लाल टेप गुंडाळा आणि वर ठळक ‘१००’ लिहा. मागे कॉम्प्युटरच्या वायरीचं सॉकेट असलेली यंत्रं सगळ्यात धोक्याची, कारण ती वायर सगळीकडे पडलेली असते आणि साउंडचेकच्या घाईत मदतीला आलेला पोरगा ती लावून मोकळा होतो. अशा सॉकेटवर मी वायर न काढता तिथेच झिप टाय मारून ठेवतो.

## दिलेच २३० तर

लगेच पिन काढा. ‘परत एकदा लावून बघू’ हा मोह सोडा. फ्यूज उडाला असेल तर मूळ मापाचाच घाला, चांदीचा कागद गुंडाळून काम भागवू नका. १०० व्होल्टवर सिरीज बल्ब लावून चालू करून बघा. बल्ब झगझगीत पेटत राहिला किंवा नवाही उडाला तर बहुधा इनपुटजवळचा गोल चपटा सर्जरोधक शॉर्ट झालेला असतो, तो बदलणं फार महाग नाही. फ्यूज शाबूत आणि यंत्र मेलेलं असेल तर वायर काढून, यंत्राचा स्विच चालू ठेवून, पिनेच्या दोन पट्ट्यांमध्ये ओहम मोजा. काहीच दाखवत नसेल तर प्रायमरी किंवा तिच्यातला थर्मल फ्यूज गेलाय.

हे ऐकायला वाटतं तेवढं वाईट नाही. पुढचं सर्किट बरेचदा धडधाकट असतं. जुन्या बऱ्याच सिंथचे सर्व्हिस मॅन्युअल इंटरनेटवर मिळतात, त्यात सेकंडरीची व्होल्टेजं दिलेली असतात. ती आणि जळलेला ट्रान्सफॉर्मर घेऊन वाइंडरकडे जा, सेकंडरी त्याच ठेवून प्रायमरी सरळ २३०ची गुंडाळून घ्या, आणि मागच्या पट्टीवर नवा आकडा कायम शाईच्या पेनाने लिहा. फ्यूज मात्र आठवणीने निम्म्या अँपिअरचा घाला.